कोकण किनाऱ्यावरील रात्रीची आगबोट आणि तिचा वारसा : भाऊचा धक्का ते स्वारगेट

प्रस्तावना

व्हिएतनामच्या उत्तर किनाऱ्यावरील हालाँग उपसागरात चुनखडीची सोळाशेहून अधिक लहानमोठी बेटे आहेत. १९९४ साली युनेस्कोने या उपसागराचा समावेश जागतिक वारसास्थळांच्या यादीत केला. या बेटांमधून रात्रीच्या मुक्कामासह होणारा नौकाविहार हे आता तेथील पर्यटनाचे मुख्य अंग झाले असून महाराष्ट्रातील पर्यटनसंस्थांच्या सहलीपत्रकांतही तो दिसू लागला आहे. या विहाराची रीत ठरलेली आहे. नौका दुपारी धक्का सोडते, सायंकाळी बेटांच्या आडोशाला नांगर टाकते, प्रवासी भोजन करून झोपतात, सकाळी एखादी गुहा पाहतात आणि नौका पुन्हा त्याच धक्क्याला येऊन लागते. ज्याला मराठीत आपण प्रवास म्हणतो त्या अर्थाने हा प्रवास नव्हे, कारण प्रवासी कोठेही पोहोचत नाही. तो पाहतो आणि परततो.

मराठी समाजाला समुद्रावरील रात्र अपरिचित नव्हती. सुमारे शतकभर कोकणातील माणसाने मुंबईहून गावाकडे आणि गावाहून मुंबईकडे जाताना आगबोटीच्या डेकवर रात्री काढल्या. त्याच्याही वाटेत बेटे होती, त्या बेटांवर किल्ले होते, चांदणे होते. मात्र त्याने ते दृश्य म्हणून क्वचितच पाहिले. आज मुंबई–गोवा या जलमार्गावर पर्यटनाच्या नौका चालविण्याचे प्रयत्न होत असताना जुन्या आगबोटीची आठवण वारंवार काढली जाते आणि नवी क्रूझ ही त्या बोटसेवेचीच सुधारलेली आवृत्ती आहे असे मानले जाते. हे मत तपासून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. आगबोटीचे मूळ कार्य विचारात घेतल्यास तिचा वारसा क्रूझकडे गेलेला दिसत नाही. तो समुद्रापासून दूर, घाटमाथ्याच्या अलीकडे, पुण्यातील स्वारगेटसारख्या एसटी स्थानकाकडे गेला आहे.

किनाऱ्याची घडण

हालाँगची बेटे चुनखडीची. पाण्याने हा खडक विरघळत गेला आणि त्यातून सुळके व गुहा तयार झाल्या. कोकणचा किनारा अग्निजन्य काळ्या पाषाणाचा आणि त्यावरील जांभ्याचा. येथे सुळक्यांचा मेळा नाही. येथे खाड्या आहेत. उत्तरेकडून दक्षिणेकडे जाताना रेवदंड्याची, राजपुरीची, बाणकोटची, दाभोळची, जयगडची, विजयदुर्गची अशा खाड्यांनी किनारपट्टीचे तुकडे केलेले आहेत. एका तुकड्यावरून दुसऱ्यावर जाण्यास पूर्वी तरीशिवाय मार्ग नव्हता. किनाऱ्यालगतच्या बेटांवर मात्र इतिहासाने वस्ती केली. खांदेरी-उंदेरी, जंजिरा, सुवर्णदुर्ग, सिंधुदुर्ग ही नावे सर्वपरिचित आहेत. येथे एक गोष्ट नमूद करण्यासारखी आहे. चुन्याचे द्रव्य कोकणच्या समुद्रात नाही असे नाही, परंतु ते पाण्याखाली आहे. विजयदुर्गच्या पश्चिमेस सुमारे शंभर किलोमीटरवर प्रवाळांचा एक विस्तीर्ण उंचवटा समुद्रात बुडालेला आहे. कान्होजी आंग्र्यांच्या नावावरून त्यास आंग्रिया बँक म्हणतात. प्रवाशाला तो दिसत नाही.

या किनाऱ्यावर सत्ता गाजविणाऱ्या आरमाराचा शेवट पुण्याच्या संमतीने झाला, हेही विसरता येत नाही. १७५५ मध्ये सुवर्णदुर्ग आणि फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्ग येथे इंग्रजांनी नानासाहेब पेशव्यांशी संगनमत करून तुळाजी आंग्र्यांचा पराभव केला. विजयदुर्गच्या धक्क्यात आंग्र्यांची जहाजे जळाली. पेशव्यांच्या या निर्णयामागील कारणांबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. परंतु पुढील शतकात याच बंदरांतून मराठी माणसांची ने-आण इंग्रजी कंपन्यांच्या आगबोटी करू लागल्या तेव्हा त्यांच्याशी स्पर्धा करू शकेल असे देशी आरमारी बळ किनाऱ्यावर उरलेले नव्हते, एवढे निश्चित.

पायवाट, रेल्वे आणि आगबोट

पेशवाईपासून पुणे हे कोकणातून येणाऱ्यांचे शहर झाले. श्रीवर्धनहून आलेल्या बाळाजी विश्वनाथांपासून हा ओघ सुरू होतो. मात्र पुणे व कोकण यांमधील अंतर नकाशावर दिसते त्याहून फार मोठे होते. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी आपल्या ‘आत्मवृत्ता’त सांगितलेला प्रसंग सर्वश्रुत आहे. दापोलीजवळच्या मुरूड गावातून परीक्षेसाठी ते सह्याद्री ओलांडून साताऱ्यापर्यंत पायी गेले आणि वय लहान दिसते म्हणून त्यांना परीक्षेस बसू दिले गेले नाही. हा प्रसंग सामान्यतः कर्व्यांच्या जिद्दीचे उदाहरण म्हणून दिला जातो. दळणवळणाच्या इतिहासाच्या दृष्टीने मात्र १८७५ च्या सुमारासही कोकणातील विद्यार्थ्याला घाटमाथ्यावर येण्यास पायांखेरीज दुसरे भरवशाचे साधन नव्हते, ही त्यातील अधिक महत्त्वाची गोष्ट आहे.

१८६३ मध्ये बोरघाटातील लोहमार्ग पूर्ण झाला आणि पुणे मुंबईशी थेट जोडले गेले. त्यानंतर एक विलक्षण परिस्थिती निर्माण झाली. पुण्याहून रत्नागिरीस जावयाचे असल्यास नैर्ऋत्येकडील घाट उतरण्यापेक्षा आधी वायव्येस मुंबई गाठावी, तेथून बोटीने दक्षिणेस यावे, हे अनेकांना सोयीचे वाटू लागले. मुंबई हे कोकणचे दार झाले. गिरण्यांतील कामगार, घरगडी, शिपाई, कारकून, शाळामास्तर असा रत्नागिरी जिल्ह्यातील मोठा वर्ग मुंबईत पोटासाठी राहू लागला आणि त्याच्या वर्षाच्या हालचालीवर बोटीचे वेळापत्रक चालू लागले.

किनाऱ्यावरील वाहतुकीत शेफर्ड कंपनीच्या बोटी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रसिद्ध होत्या. पुढे १९०६ मध्ये किलिक निक्सन यांच्या व्यवस्थापनाखाली बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभी राहिली. हाच स्वदेशीचा काळ होता. टिळकांचे अनुयायी व्ही. ओ. चिदंबरम पिळ्ळै यांनी १९०६ मध्येच तुतिकोरिन येथे स्वदेशी आगबोट कंपनी स्थापन केली होती. कोकण किनाऱ्यावरही इंडियन को-ऑपरेटिव्ह स्टीम नॅव्हिगेशन कंपनी ही देशी भांडवलाची संस्था पुढे आली. लोक तिला प्रेमाने ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणत. तिच्या बोटींना तुकाराम, रामदास अशी संतांची, तसेच गोव्याच्या प्रवाशांना जवळची वाटतील अशी ख्रिस्ती संतांची नावे होती. १९३९ मध्ये बॉम्बे स्टीमची सूत्रे वालचंद हिराचंद यांच्याशी निगडित असलेल्या सिंदिया कंपनीकडे आली. कंपन्यांच्या स्पर्धेचा, भाडेयुद्धांचा आणि विलीनीकरणांचा तपशील बराच गुंतागुंतीचा आहे. येथे तो सोडून प्रवाशाकडे वळणे अधिक उचित होय.

डेकवरील रात्र

मुंबईहून सकाळी सुटलेली गोव्याची बोट दुसऱ्या दिवशी सकाळी पणजीला पोहोचे. बावीस ते चोवीस तासांच्या या प्रवासात दिवसाचा भाग उत्तर कोकणाच्या वाट्याला येई आणि रत्नागिरीच्या पुढची बंदरे बहुधा काळोखातच येत. विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले येथे उतरणाऱ्याच्या दृष्टीने बोटीचा प्रवास हा रात्रीचाच प्रवास होता.

केबिनचे भाडे परवडणारे प्रवासी थोडे. बहुसंख्य लोक डेकचे. डेकवर बाक किंवा आसन नसे. वळकटी सोडून सतरंजी अंथरली की तेवढी जागा त्या कुटुंबाची. यंत्राची उष्णता, कोळशाचा व तेलाचा वास, टोपल्यांतील मासळी, मोसमात हापूसच्या पेट्या, करंड्यांतील कोंबड्या आणि मधूनच रडणारी मुले अशा वस्तीत रात्र काढावी लागे. समुद्र खवळला की कित्येकांना ‘बोट लागे’. पोटात ढवळणे व उलट्या होणे यासाठी मराठीने केलेला हा शब्दप्रयोग स्वतंत्र अभ्यासाचा विषय ठरावा. पुढे घाटातल्या वळणांनी होणाऱ्या त्रासाला ‘गाडी लागणे’ म्हटले जाऊ लागले. त्रास तोच, क्रियापद तेच, वाहन तेवढे बदलले.

या प्रवासातील खरी कसोटी उतरण्याची होती. कोकणातील बहुतेक बंदरे गाळाने उथळ झालेली. आगबोट धक्क्याला लागू शकत नसे. ती किनाऱ्यापासून दूर उभी राही आणि भोंगा वाजवी. तो ऐकून किनाऱ्यावरून पडाव निघत. कंदिलाच्या उजेडात पडाव बोटीच्या कुशीला येऊन लागे. लाटेबरोबर तो वर आला की खलाशी हात देऊन एकेका उतारूला खाली घेत. म्हातारी माणसे, गरोदर स्त्रिया, तान्ही मुले, पत्र्याच्या ट्रंका हे सर्व त्या वर-खाली होणाऱ्या क्षणभराच्या अंतरातून पडावात जाई. नंतर पडाव किनाऱ्याकडे वळे आणि अनेकदा शेवटचे काही अंतर गुडघाभर पाण्यातून चालावे लागे.

या प्रसंगी बेटे आणि किल्ले कोठे होते? ते होतेच. मालवणला पडावात उतरणाऱ्याच्या समोर सिंधुदुर्गाची तटबंदी अंधारात उभी असे. परंतु त्या माणसाच्या दृष्टीने ती बंदर जवळ आल्याची खूण होती. तांडेलालाही तिचा उपयोग खडक चुकविण्यासाठी होई. निसर्गसौंदर्याची जाणीव कोकणी माणसाला नव्हती, असे यावरून समजण्याचे कारण नाही. कोकणातील मराठी कथा-कादंबरीत समुद्र पानोपानी आहे. प्रश्न फक्त इतकाच की पाहण्यासाठी लागणारी सवड त्या रात्री कोणाकडे होती. हालाँगच्या नौकेवर ती सवडच विकत घेतलेली असते.

बोटीचे आणखी एक वैशिष्ट्य तिच्या थांब्यांत होते. ती बंदरोबंदरी थांबत जाई, आणि प्रत्येक थांब्याभोवती एक छोटे अर्थकारण जगे. पडाववाले, हमाल, बैलगाडीवाले, धक्क्यावरील खाणावळवाले, कंपनीचे एजंट, बोटीतून येणारी टपालाची थैली यांवर बंदराचा बाजार उभा होता. हर्णै, मुसाकाजी किंवा वेंगुर्ले या गावांचे तत्कालीन महत्त्व या थांब्यांवाचून समजत नाही.

जलसमाधीचे स्मरण

या सेवेला गतकाळाच्या गोडव्याने पाहताना तिची किंमतही मोजली पाहिजे. नोव्हेंबर १८८८ मध्ये शेफर्ड कंपनीची ‘वैतरणा’ कच्छमधील मांडवीहून मुंबईकडे येताना सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ वादळात नाहीशी झाली. तिच्यावरील विजेच्या दिव्यांमुळे लोक तिला ‘वीजळी’ म्हणत. सातशेच्या आसपास माणसे तिच्याबरोबर गेली. नोव्हेंबर १९२७ मध्ये कोकण किनाऱ्यावर एकाच वादळात ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या दोन बोटी बुडाल्या.

या मालिकेतील सर्वांत मोठा आघात म्हणजे ‘रामदास’. १९३६ साली बांधलेली ही बोट १७ जुलै १९४७ रोजी, गुरुवारी, आषाढ अमावास्येच्या सुमारास सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली. हा रात्रीचा प्रवास नव्हता, लांबचाही नव्हता. अलिबाग परिसरातील माणसे सणासाठी घरी निघाली होती. काश्याच्या खडकाजवळ पावसाळी वादळाने व लाटांनी बोट कलली, प्रवासी एका बाजूस धावले आणि काही मिनिटांत ती बुडाली. सहाशेहून अधिक लोक मृत्यू पावले. आसपासच्या कोळ्यांनी आपल्या होड्यांतून अनेकांना वाचविले. मुंबई बंदराच्या इतक्या निकट घडलेल्या या अपघाताची वार्ता शहरात पोहोचण्यास कित्येक तास लागले. देशाच्या स्वातंत्र्याला तेव्हा महिनाही उरलेला नव्हता. त्या धामधुमीत ‘रामदास’ला राष्ट्रीय स्मरणात जागा मिळाली नाही. रायगड जिल्ह्यातील आणि गिरणगावातील घरांत मात्र ही आठवण पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली.

या अपघातांनंतरही लोकांनी बोट सोडली नाही. सोडणे शक्यच नव्हते. ज्याला पर्याय नाही असा प्रवासी आणि ज्याने हौसेने तिकीट काढले आहे असा प्रवासी यांच्या धोक्याचे नैतिक स्वरूप वेगळे असते. पर्याय नसलेल्याच्या सुरक्षिततेचे उत्तरदायित्व शासनावर अधिक येते. १९७३ मध्ये संसदेने कोकण प्रवासी जहाजे (संपादन) अधिनियम संमत केला, त्याचा अर्थ या संदर्भात लावावयास हवा. १९६० च्या दशकात चौगुले कंपनीकडे असलेली ही सेवा तोट्यात जाऊन खंडित होण्याच्या बेतात असताना जहाजे सार्वजनिक मालकीची करण्यात आली. हज यात्रेकरूंची वाहतूक करणाऱ्या मोगल लाइनकडे त्यांचे संचालन सोपविण्यात आले. कोकणची बोट ही सार्वजनिक गरज आहे, हे तत्त्व कायद्याने मान्य केले. दुर्दैव असे की ते मान्य झाले तेव्हा बोटीचा उतरता काळ सुरू झालेला होता.

बोट का संपली

१९८० च्या दशकाच्या अखेरीस मुंबई–गोवा बोटसेवा बंद पडली. १९८६ मध्ये मोगल लाइन भारतीय नौवहन महामंडळात विलीन झाली होती. सेवा बंद पडण्याचे कारण सामान्यतः जुनी जहाजे आणि वाढता तोटा असे सांगितले जाते. ते खरे आहे, पण अपुरे आहे. तोटा का वाढला, हा खरा प्रश्न होय.

त्याचे उत्तर पावसाळ्यात आहे. पश्चिम किनाऱ्यावर नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात समुद्र बंद असे. नारळी पौर्णिमेनंतर तो हळूहळू उघडे. कोकणी चाकरमान्याचा सर्वांत मोठा सण, भाद्रपदातील गणपती, नेमका या बंद मोसमाच्या कडेला येई. ज्या वेळी गावी जाण्याची ओढ सर्वांत अधिक, त्या वेळी बोट नाही अथवा बेभरवशाची. रस्त्यावरील वाहनाने हा मोसमाचा अडसर दूर केला. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) या मार्गावर राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली. पुढील दशकांत मुंबई–गोवा महामार्ग सुधारत गेला, खाड्यांवर पूल होत गेले, बॅ. अ. र. अंतुले यांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळात (१९८०–८२) सागरी मार्गाच्या कल्पनेने जोर धरला. ज्या खाड्यांनी कोकणाचे तुकडे केले होते त्या बांधल्या जाऊ लागल्या, तसतशी बोटीची आवश्यकता ओसरली. १९९८ मध्ये कोकण रेल्वे सर्व मार्गावर सुरू झाली, परंतु तोपर्यंत बोट गेलेलीच होती. रेल्वेने बोट संपविली हा समज कालक्रमाच्या कसोटीवर टिकत नाही. बोट एसटीने संपविली.

एसटीने प्रवाशाला मुंबईची सक्तीही उरू दिली नाही. पुणेकराच्या दृष्टीने हा बदल मूलगामी होता. वरंध, कुंभार्ली, आंबा, फोंडा, आंबोली हे घाट गाडीखाली आले आणि पुण्याहून कोकणात सरळ उतरता येऊ लागले. शंभर वर्षे लोहमार्गाने व आगबोटीने वळसा घालायला लावलेला प्रवास पुन्हा जुन्या घाटवाटांवर आला. कर्वे ज्या कुंभार्लीच्या परिसरातून चालत गेले त्या परिसरातूनच आता रातराणी जाऊ लागली.

पुन्हा क्रूझ

१९९० च्या दशकात मुंबई–गोवा मार्गावर दमानिया कंपनीच्या वेगवान कॅटामरानचा प्रयोग झाला. ती दिवसाची, महाग भाड्याची आणि पावसाळ्यात बंद राहणारी सेवा होती. तीही काही वर्षांतच थांबली. ऑक्टोबर २०१८ मध्ये ‘आंग्रिया’ ही क्रूझ सुरू झाली. कान्होजींचे आणि त्या बुडालेल्या प्रवाळाचे नाव तिने घेतले होते. दुपारी मुंबईहून निघून दुसऱ्या दिवशी सकाळी गोव्यास पोहोचणे, सुमारे चारशे प्रवाशांची सोय, उपाहारगृहे, तरणतलाव असा तिचा थाट होता. करोनाच्या टाळेबंदीत २०२० मध्ये ती खंडित झाली. सप्टेंबर २०२१ पासून कॉर्डेलिया क्रूझेस या कंपनीने ‘एम्प्रेस’ या मोठ्या जहाजाने मुंबईहून सागरी सहली सुरू केल्या.

या प्रयत्नांचे स्वागतच करावयास हवे. समुद्राकडे पाठ फिरविलेल्या समाजाला समुद्र दाखविणे हे लहान काम नाही. तथापि तुलना करताना दोन गोष्टी लक्षात घ्याव्या लागतात. पहिली अशी की ‘आंग्रिया’ मुंबई ते गोवा जाताना मधल्या बंदरांच्या समोरून रात्री निघून जाई. हर्णै, रत्नागिरी, देवगड, मालवण येथील माणूस तिचे दिवे किनाऱ्यावरून पाहू शकत असेल, तिच्यावर चढू मात्र शकत नव्हता. आगबोटीचा प्राण थांब्यांत होता. क्रूझला थांबा ही अडचण. दुसरी गोष्ट दृश्याची. बेटांवरील जलदुर्ग हे या मार्गाचे सर्वांत मोठे वैभव, आणि तेच काळोखात मागे पडते. हालाँगमध्ये नौका रात्री बेटांच्या मध्ये नांगरलेली असते आणि पहाटेच्या उजेडात बेटे दाखविते. कोकणच्या क्रूझने रात्र घेतली, पण रात्रीचा मुक्काम घेतला नाही. सुवर्णदुर्ग वा सिंधुदुर्गाच्या आडोशाला नांगर टाकून राहणारी, सकाळी पडावातून गावात उतरविणारी लहान नौका या किनाऱ्यावर अधिक शोभेल, असे सुचवावेसे वाटते. त्यातून पडाववाल्यालाही पुन्हा काम मिळेल.

मात्र नांगरलेली नौका म्हणजे सुरक्षित नौका, असेही समजू नये. फेब्रुवारी २०११ मध्ये हालाँग उपसागरात रात्री नांगरून ठेवलेली एक पर्यटक नौका पहाटे बुडाली आणि बारा जण मृत्यू पावले. बहुतेक प्रवासी झोपेत होते. १९ जुलै २०२५ रोजी त्याच उपसागरात दुपारी अकस्मात आलेल्या वादळात ‘वंडर सी’ ही सहलीची नौका उलटली आणि तीसहून अधिक माणसे गेली. जुलै महिना, बंदिस्त वाटणारे पाणी, थोड्या अंतराचा फेरा आणि काही मिनिटांचे वादळ हा तपशील वाचताना ‘रामदास’ची आठवण झाल्यावाचून राहत नाही. मुंबई बंदरातही १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवे ऑफ इंडियाहून घारापुरीकडे निघालेल्या प्रवासी नौकेवर नौदलाची वेगवान नौका आदळून पंधरा जणांचा बळी गेला. प्रत्येक वेळी जीवरक्षक जाकिटे आणि प्रवासीसंख्या यांची चर्चा नव्याने सुरू होते. ‘रामदास’चा इतिहास अभ्यासक्रमात असता तर ती इतकी नवी वाटली नसती.

स्वारगेट

स्वारगेट हे नाव घोडेस्वारांच्या नाक्यावरून पडले असे सांगितले जाते. शहराच्या दक्षिण वेशीवरील हे ठिकाण आज सातारा रस्ता, शंकरशेठ रस्ता व सोलापूरकडे जाणारी वाहतूक यांचा संगम आहे. एसटीचे मोठे स्थानक, शहर बससेवेचे आगार आणि २९ सप्टेंबर २०२४ पासून भुयारी मेट्रोचे स्थानक अशी तेथे एकावर एक वाहतुकीची पुटे चढलेली आहेत. समुद्राशी या जागेचा संबंध प्रथमदर्शनी कोणालाही जाणवत नाही.

तरीही रात्री येथे उभे असलेले प्रवासी आणि भाऊच्या धक्क्यावरील डेकचे उतारू यांच्यातील साम्य डोळ्यांत भरते. कामासाठी शहरात आलेला तरुण, बाळंतपणासाठी माहेरी निघालेली मुलगी, कोकणातून उपचारासाठी आणलेला वृद्ध, वसतिगृहातील विद्यार्थी, तांदळाचे वा आंब्याचे ओझे. भाडे परवडणारे, आसन साधे, पोहोचणे महत्त्वाचे. गणपती व शिमग्याला जादा गाड्या सुटतात आणि एकेका आसनासाठी झुंबड उडते. काळोखात निघायचे आणि उजाडता गावी उतरायचे, हे रात्रीच्या बोटीचे गणित एसटीने जसेच्या तसे उचलले. थांब्यांचे गणितही उचलले. आगबोट बंदरी थांबे, गाडी फाट्यावर थांबते. पडावाची जागा फाट्यावरच्या रिक्षाने घेतली.

वारसा हा केवळ सोयीचा नसतो, दायित्वाचाही असतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये स्वारगेट स्थानकात उभ्या असलेल्या बसमध्ये एका तरुणीवर पहाटेच्या सुमारास अत्याचार झाल्याची तक्रार पुढे आली आणि राज्यभर संताप उसळला. आगारातील अपुरा प्रकाश, उभ्या गाड्यांची देखरेख, पहाटे एकट्या येणाऱ्या स्त्रीची सुरक्षितता हे प्रश्न त्यानंतर चर्चेत आले. ‘रामदास’च्या वेळी प्रश्न समुद्राचा होता, येथे तो स्थानकाच्या अंगणाचा आहे. परंतु दोन्ही ठिकाणी ज्याच्या बाबतीत तो निर्माण झाला तो प्रवासी एकच आहे. खासगी वाहन नसलेला, रात्रीच्या सार्वजनिक साधनावर अवलंबून असलेला आणि दुसरा पर्याय नसलेला. १९७३ च्या कायद्याने ज्याची गरज मान्य केली तो हाच.

या दृष्टीने कोकणच्या बोटसेवेचा इतिहास बंदर आणि नौवहन यांच्या अभ्यासापुरता मर्यादित ठेवणे योग्य नाही. बोटीतून प्रवास केलेली शेवटची पिढी आता वार्धक्यात आहे. त्यांपैकी कित्येक जण निवृत्तीनंतर पुण्यात मुलांकडे राहतात. त्यांच्या मुलाखती घेऊन डेक, पडाव, भोंगा आणि एसटीचे पहिले प्रवास यांची मौखिक नोंद करणे इतिहास विभागांना अल्प खर्चात शक्य आहे. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या प्रकल्पासाठी याहून उपयुक्त विषय शोधावा लागू नये. अशा नोंदींसाठी समुद्रकिनारी जाण्याचीही आवश्यकता नाही. दापोली, गुहागर, रत्नागिरी, देवगड, मालवण, वेंगुर्ले ही नावे स्वारगेटच्या फलाटांवर लागणाऱ्या गाड्यांच्या पाट्यांवर आजही एकापाठोपाठ वाचता येतात, आणि हर्णै, रत्नागिरी, देवगड, मालवण, वेंगुर्ले याच क्रमाने ती आगबोटीच्या मार्गावर येत असत.